पुढच्या दोन डिस्क

१

अपघातात चेचलेल्या गाडीच्या ब्रेकच्या डिस्क चोरणारा चोर मला सव्वीस वर्षांत पहिल्यांदा भेटला. भेटला म्हणजे तो नव्हे, त्याने मागे ठेवलेलं काम भेटलं. आणि ते इतकं सुबक होतं की मला आधी चोराचं कौतुक वाटलं आणि मग स्वतःची लाज वाटली.

मी अपघाताच्या गाड्या बघते. आधी विमा कंपनीसाठी बघायचे, आता जो बोलावेल त्याच्यासाठी बघते. गाडी कशी आपटली, कुणाची चूक, कोण खोटं बोलतंय, एवढंच माझं काम. गाड्यांवर माझं काडीचं प्रेम नाही. मी चालत जाते किंवा बसने जाते, आणि माझे गुडघे त्याबद्दल रोज तक्रार करतात.

ही गाडी निळी, दोन दारांची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी. जप्त गाड्यांच्या आवारात शेवटच्या रांगेत उभी होती. चालकाच्या बाजूचं दार आत गेलं होतं आणि आतल्या सीटवर एक छोटी पिवळी टोपी तशीच पडली होती. चार आठवड्यांपूर्वी, सोमवारी सकाळी, डोंगरउतारावरच्या तिसऱ्या वळणाला ही गाडी थांबायला हवी होती तिथे थांबली नाही. चालवणारा एकतीस वर्षांचा होता. झाडावर आदळला तेव्हाच गेला.

त्यानंतर चौथ्या दिवशी गाडीच्या पुढच्या दोन्ही डिस्क आणि त्यांचे पॅड नाहीसे झाले. पहारेकऱ्याने कानावर हात ठेवले.

"दुपारी जेवायला गेलो होतो," तो म्हणाला. जगातले सगळे पहारेकरी चोरीच्या वेळी जेवत असतात.

मी वाकून बघितलं. गाडीखाली लाकडी ठोकळे नीट रचलेले. काढलेली दोन चाकं पुठ्ठ्यावर आडवी ठेवलेली, रिमला चरा पडू नये म्हणून. चाकांचे बोल्ट एका डब्यात, ज्या क्रमाने काढले त्याच क्रमाने. आणि डिस्क निघाल्यावर उघडा पडलेला मधला भाग, ज्याला हब म्हणतात, तो दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून सुतळीने बांधलेला. धूळ जाऊ नये म्हणून!

ही गाडी आता भंगारात जाणार होती. तिच्या हबमध्ये धूळ गेली काय आणि न गेली काय. पण चोराच्या हातांना ते पटलं नव्हतं.

मला बोलावलं होतं गेलेल्या चालकाच्या बापाने. त्यांना सगळा गाव उस्ताद म्हणतो. चाळीस वर्षं त्यांनी फक्त ब्रेकचं काम केलं, आणि सहा वर्षांपूर्वी गॅरेज शिष्याच्या हवाली करून ते घरी बसले. घराच्या मागे एक खोली त्यांनी अजून कामाची म्हणून ठेवली आहे. मला तिथेच बसवलं. बेंच, बेंचवर लोखंड पकडायचा शिकंजा, आणि भिंतीवर हत्यारं. प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा रंगाने काढलेली. हातोडी, कानस, पॉलिश पेपरची गुंडाळी, सगळं शिकंज्याच्या डाव्या अंगाला. उजवीकडची भिंत कोरी, तिथे फक्त नातीने काढलेलं चित्र चिकटवलेलं होतं.

चहा त्यांनी स्वतःच ओतला, उजव्या हाताने. निम्मा बशीत गेला. हात थरथरत नव्हता, नुसताच अडाणी वाटत होता. वय झालंय बिचाऱ्यांचं, असं मी मनात म्हटलं आणि बशीतला चहा मुकाट्याने प्याले.

"बाई," ते म्हणाले, "चोर सापडला नाही तरी चालेल. डिस्क सापडायला हव्यात. मला त्या एकदा बघायच्या आहेत."

"संशय तुमच्या शिष्यावरच आहे ना सगळ्यांचा?"

"त्याचं नाव या घरात नको."

 मग कोऱ्या भिंतीकडे बघत त्यांनी हळूच विचारलं, "हब झाकला होता?"

"हो. पिशवीत. सुतळीने बांधून."

त्यांनी डोळे मिटले. "माझ्या हाताखालून गेलेला माणूस हब उघडा ठेवून उठत नाही. मी तसं उठू दिलंच नाही कुणाला."

म्हणजे चोर कोण, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. आणि तिथेच माझं काम संपायला हवं होतं.

२

शिष्याला सगळे पान्या म्हणतात. बोल्ट फिरवायच्या पान्यासारखा उंच, हडकुळा, आणि टोकाला हे एवढाले पंजे, म्हणून. अपघातानंतर पाचव्या दिवशी, म्हणजे चोरीच्या दुसऱ्या दिवशी, तो आपणहून अधिकाऱ्यांसमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला की नव्या डिस्क मी बसवल्या, पण त्यांची तयारी नीट केली नाही, चूक माझी. डिस्क कुठे आहेत ते मात्र सांगेना. त्याच्या गॅरेजला टाळं लागलं. येत्या सोमवारी सुनावणी होती. त्यात परवाना कायमचा जाणार, आणि निष्काळजीपणाने जीव घेतल्याचा खटला उभा राहणार, हे जवळजवळ ठरल्यात जमा होतं.

डिस्कची तयारी म्हणजे काय, हे समजून घ्यायला मी त्या विकणाऱ्या व्यापाऱ्याकडे गेले. बाहेरून आणलेले गाड्यांचे भाग विकतो. त्याचाही जीव टांगणीला लागला होता, कारण माल खोटा निघाला असता तर पुढची पाळी त्याची होती.

"माझा माल खोटा निघाला तर मिशी उतरवीन," तो म्हणाला. मिशी खरंच जपण्यासारखी होती.

"मग चला आवारात. मागच्या दोन डिस्क आहेत अजून गाडीवर. चोराने त्यांना हात लावलेला नाही."

तो वजनकाटा घेऊनच निघाला. वाटेत त्याने मला शाळेतल्या मुलीसारखं शिकवलं. साध्या गाडीची डिस्क लोखंडी असते. ही कार्बन सिरॅमिकची. वजनाने निम्मी, गंजत नाही, तापली तरी दमत नाही. लोखंडी डिस्क झिजली की पातळ होते, म्हणून तिची जाडी मोजतात. ही पातळ होत नाही, हलकी होते, म्हणून हिचं वजन करतात. नवी असतानाचं वजन तिच्या मधल्या वाटीवरच कोरलेलं असतं.

आवारात पहारेकऱ्याला समोर उभं करून त्याने मागची एक डिस्क उतरवली. चाक काढताना बोल्टच्या जागी एक लांब पिन फिरवून बसवली, म्हणजे जड चाक निसटून डिस्कच्या कडेला लागत नाही. कड टवकली की ही डिस्क गेली. काट्यावर ठेवली. कोरलेल्या आकड्यापेक्षा किंचित हलकी, चार महिन्यांच्या वापराला साजेशी. दुसरीही तशीच. माल खरा होता.

"आता तयारी म्हणजे काय ते बघा," असं म्हणून त्याने डिस्क माझ्या तोंडासमोर धरली. काळी, गुळगुळीत. तिच्यात मला माझा चष्मा दिसला. "नवी बसवली की रिकाम्या रस्त्यावर ठरावीक वेळा हळूहळू थांबायचं. दोनशे वेळा म्हणा. मग डिस्कला दाबून धरणाऱ्या पॅडचा पातळ थर तिच्यावर चढतो. हा चकाकतोय ना, तो थर. ताई, खरं तर हा थर म्हणजेच ब्रेक. हा नसला तर तुम्ही पाय दाबता आणि गाडी म्हणते, थांबते हो, एवढी घाई काय?"

"आणि हा थर इथे नीट चढलाय?"

"नीट? असा थर मी स्वतः चढवला असता तर फोटो काढून दुकानात लावला असता."

मी डिस्क हातात घेतली. थांबताना चारही डिस्क एकदम काम करतात. मागच्या दोघींवर थर असा बसला असेल तर पुढच्या दोघींवरही बसलेला असणार. म्हणजे पान्याने तयारी केली होती, आणि जीव ओतून केली होती. जी चूक त्याने केलीच नव्हती ती तो शिरावर घेऊन हिंडत होता, आणि ज्या दोन डिस्क त्याला निर्दोष ठरवू शकल्या असत्या त्या त्याने स्वतःच पळवल्या होत्या.

शिवाय, पुढच्याच का? तयारी चुकली असती तर पुरावा चारही ठिकाणी राहिला असता. दोनच उचलणाऱ्याला ठाऊक होतं की जे काही घडलं ते दोनच डिस्कवर घडलंय.

निघताना मी व्यापाऱ्याला सहज विचारलं, "पान्या आला होता का तुमच्याकडे, अपघातानंतर?"

"तिसऱ्या दिवशी. उभ्या उभ्या एकच प्रश्न विचारला. हा थर एकदा गेला तर पुन्हा चढायला किती थांबे लागतात? मी म्हटलं, अरे, जाईल कसा? तर तसाच निघून गेला."

३

उस्तादांची सून कपाट आवरत होती. आवरत होती म्हणजे नवऱ्याचे शर्ट काढत होती, घडी मोडत होती, पुन्हा घडी घालून तिथेच ठेवत होती. चार वर्षांची मुलगी जमिनीवर पालथी पडून रंगवत होती.

"ती गाडी माझी सवत होती," सून म्हणाली आणि हसायला गेली, ते तिला जमलं नाही. "त्या ब्रेकसाठी दोन वर्षं झुरत होता. बसवले त्या दिवशी मला खाली नेलं आणि चाकाच्या फटीतून दाखवले. मला काय कळणार त्यातलं? मी म्हटलं, छान आहेत. एवढ्यानेच खूश झाला."

"ब्रेकबद्दल काही तक्रार होती त्याची?"

"कुरकुरायचे. सकाळी गारठ्यात तर सगळी गल्ली जागी व्हायची. पान्याभाऊ म्हणाले, या ब्रेकचा स्वभावच असा आहे, हात लावू नका. बाबांना मात्र ते सहन होत नव्हतं. त्यांचं म्हणणं, बोलणारा ब्रेक म्हणजे आजारी ब्रेक. दोघं बापलेक त्यावरून रोज एकमेकांची टर उडवायचे. बाबा म्हणायचे, एवढी भारी गाडी आणि ओरडते कोंबड्यासारखी."

"अपघाताच्या आधीचे दोन दिवस?"

"आम्ही तिघं माझ्या आईकडे होतो. आमच्या इमारतीसमोरचा रस्ता खणलाय, म्हणून गाडी बाबांच्या अंगणात ठेवली होती. रविवारी संध्याकाळी आलो, आणि सोमवारी सकाळी तो तिथूनच गाडी घेऊन निघाला. मी फाटकापर्यंत सोडायला गेले होते. फाटकाशी त्याने ब्रेक दाबला आणि काच खाली केली." ती थांबली. हातातला शर्ट तिने छातीशी धरला. "म्हणाला, ऐकलंस? गप्प झाले. लहान मुलासारखा आनंद झाला होता त्याला. तेच शेवटचं बोलणं."

"गप्प कुणी केले?"

"पान्याभाऊंनीच, दुसरं कोण? चावी असते त्यांच्याकडे. येऊन काहीतरी करून गेले असतील. आणि तेच चुकलं असेल." तिचा आवाज कोरडा पडला. "ते कबूल करायला इथे आले होते, बाबांच्या पाया पडायला. बाबांनी सगळ्यांदेखत ठेवून दिली. समोरासमोर उभे होते दोघं. उजव्या गालावर पाची बोटं उठली त्यांच्या. मी बाबांना कधी कुणावर हात उगारताना पाहिलं नव्हतं. पान्याभाऊ नुसते उभे राहिले. गालाला हातसुद्धा लावला नाही."

मी वहीत लिहीत होते ती थांबले. समोर उभ्या असलेल्या माणसाच्या उजव्या गालावर.

"आजोबा आता माझ्याबरोबर रंगवत नाहीत," जमिनीवरून मुलगी म्हणाली. मान वर न करताच. "म्हणतात, हात दुखतो. पण दुखत नाही. मी फुंकर मारून बघितली."

जिना उतरताना मला पहिल्यांदाच वाटलं की हे काम घ्यायला नको होतं.

४

गॅरेजला पुढून टाळं होतं. मागच्या दाराने गेले. पान्या एका उलट्या डब्यावर बसून झाडलेली फरशी बघत होता. त्याच्या बेंचवर एका साध्या गाडीची लोखंडी डिस्क अर्धवट घासून तशीच राहिली होती. घासण्याच्या रेघा तिच्यावर स्वच्छ दिसत होत्या. कडेपासून मध्याकडे जाणाऱ्या, एकसारख्या, सगळ्या उजवीकडे झुकलेल्या.

"ही कशासाठी घासतात?" मी विचारलं.

"चकाकी आली की ब्रेक कुरकुरतो, ताई. पॉलिश पेपरने ती उतरवायची. तिरका हात मारायचा, गोल नाही. उस्तादांची शिकवण आहे." बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं आणि त्याने तोंड मिटलं.

"तू म्हणतोस तयारी केली नाहीस."

"नाही केली."

"मागच्या डिस्कमध्ये मला माझा चष्मा दिसला, पान्या."

त्याने नजर पुन्हा फरशीकडे वळवली. बाहेर कुणीतरी डबा आपटला तेव्हा दचकला तेवढाच.

"मी सांगते, तू फक्त मान हलव," मी म्हटलं. "तिसऱ्या दिवशी तू गाडी बघायला गेलास. पुढच्या डिस्कवरचा थर घासून काढलेला दिसला. पॅड जिथपर्यंत पोचत नाही त्या कडेच्या बोटभर पट्टीत रेघा अजून शाबूत असणार. लोखंडावर हे करणं बरोबर आहे, ब्रेक गप्प होतो. यांच्यावर केलं तर ब्रेकही गप्प होतो, पण थर जातो, आणि नंतरचे शंभर-दोनशे थांबे गाडी अर्धीमुर्धीच थांबते. फाटकाशी सावकाश थांबताना ते कळत नाही. डोंगर उतरताना कळतं. त्या रेघा तुझ्या हाताच्या असत्या तर या डिस्कवरच्यासारख्या उजवीकडे झुकल्या असत्या. त्या कुठे झुकल्यात?"

"ताई, नका."

"हत्यारं शिकंज्याच्या डावीकडे. तुला बसलेली थप्पड उजव्या गालावर. आणि उजव्या हाताने त्यांना चहासुद्धा धड ओतता येत नाही. कुठे झुकल्यात, पान्या?"

तो उठला. मागच्या फडताळातून त्याने एक गाठोडं काढलं. आतून लोकरीचा स्वेटर निघाला, त्याच्या स्वतःच्या अंगाचा, आणि स्वेटरमध्ये एकीवर एक दोन काळ्या डिस्क. मध्ये मऊ फडकं, एकमेकींना लागू नयेत म्हणून. फेकून देणं त्याला शक्यच नव्हतं. त्या हातांनी आजवर चांगली वस्तू फेकलेली नव्हती.

खिडकीच्या उजेडात धरल्या. कडेच्या पट्टीत, नखाने ओढाव्यात तशा बारीक रेघा. सगळ्या डावीकडे झुकलेल्या.

"रविवारी केलं असेल त्यांनी," तो म्हणाला. "पुढचीच चाकं काढली, कारण आवाज पुढूनच यायचा. आणि काय काम केलंय ताई, बघा. सत्तरीचा माणूस, एकटा, एवढी जड चाकं उतरवली आणि कडेला टवकासुद्धा नाही. मुलगा आला की चकित होईल, एवढंच असणार मनात."

"मग तू हे का आपल्या गळ्यात घालून घेतोस?"

"कारण चूक माझीच आहे." हे तो अगदी साधेपणाने म्हणाला. "गाडी तयार झाली तेव्हा मी त्यांना दाखवायला नेली होती. त्यांनी विचारलं, काय रे, हिच्यात वेगळं काय? मी म्हटलं, काही नाही उस्ताद, शेवटी ब्रेकच तो. ज्यांनी मला पाना धरायला शिकवलं त्यांना मी समोर बसवून शिकवणार होतो का? त्यांना म्हातारं झाल्यासारखं वाटेल म्हणून हसण्यावारी नेलं. दोन वाक्यं बोललो असतो ताई. दोनच. थर घासू नका, एवढं."

त्याचे एवढाले पंजे गुडघ्यांवर उघडे पडले होते आणि त्यांना करायला काहीच नव्हतं.

"मुलगा गेला," तो म्हणाला. "नातीला आजोबा तरी राहू दे. हे कळलं तर ते एक दिवस जगायचे नाहीत. माझं काय, गॅरेज जाईल, वर्षभर आत बसेन. मी सहन करीन. तुम्ही एवढंच सांगा की डिस्क सापडल्या नाहीत."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. गाठोडं पुन्हा बांधायला मात्र त्याला मदत केली.

५

सव्वीस वर्षांत मी अहवालात एकही खोटं वाक्य लिहिलेलं नाही. रविवारी सकाळी उस्तादांच्या दारात उभी राहिले तेव्हा खोटं वाक्य तोंडपाठ करून आले होते. रस्ताभर पुटपुटत आले होते ते, परीक्षेला निघालेल्या पोरीसारखी.

ते मागच्या खोलीतच होते. चहा आधीच ओतून ठेवला होता. बशा भरलेल्या होत्या.

"डिस्क सापडल्या नाहीत," मी म्हटलं. "पान्याने ओढ्यात टाकल्या. तयारीत त्याचीच चूक झाली. उद्या तो तसं सांगेल."

त्यांनी मान हलवली. कोऱ्या भिंतीवरच्या चित्राकडे बघत राहिले. चित्रात एक निळी गाडी होती, तिला पाच चाकं होती.

"बाई, मी त्याला बावीस वर्षं ओळखतो," ते म्हणाले. "तो एकदा तापाने फणफणला होता तेव्हाही बोल्ट क्रमाने ठेवत होता. तो दोनशे थांबे टाळेल? थप्पड मारली ना, तेव्हा त्याच्या डोळ्यांत बघितलं मी. त्याला माझी दया येत होती. मला मार खाणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत माझी दया दिसली. तेव्हाच माझ्या मनात आलं."

मी कप खाली ठेवला.

"दुसऱ्या दिवशी मी वाचनालयात गेलो. या डिस्कबद्दल मिळेल ते वाचलं. थराबद्दलही वाचलं. मग घरी येऊन बसलो. पण वाचलेलं म्हणजे पाहिलेलं नव्हे. घासताना मला वाटलं होतं, काहीच निघत नाहीये, डिस्क कडक आहे. वाटायचं, कदाचित थर गेलाच नसेल. कदाचित पोराने गाडीच जोरात हाणली असेल. तीन आठवडे मी त्या कदाचितवर जगलो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "चोर पकडायला मी तुम्हाला बोलावलं नव्हतं. तुम्ही खोटं बोलत नाही, असं ऐकलं होतं, म्हणून बोलावलं. कडेला रेघा राहिल्यात ना? कुठल्या बाजूला झुकल्यात?"

तोंडपाठ केलेलं वाक्य तयार होतं. मी ते बोलायचा प्रयत्न केला. खरंच केला. पण समोर बसलेल्या त्या माणसाने आपला डावा हात तीन आठवडे खिशात कोंडून ठेवला होता आणि उजव्या हाताने चहा सांडत बसला होता. मी नुसतीच रडले. कामावर असताना मी कधी रडलेले नव्हते.

"बरं," ते म्हणाले. एवढंच. माझ्यापुढे रुमाल सरकवला.

मग त्यांनी विचारलं, "त्याने त्या कशात गुंडाळून ठेवल्यात?"

"स्वेटरमध्ये. त्याच्या."

"गाढव आहे," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा त्या एका शब्दावर मोडला.  मी खिडकीकडे तोंड करून बसले. अंगणात तेलाचा एक जुना डाग होता, त्याच्याशेजारी जॅक टेकवल्याच्या दोन खुणा होत्या.

मग त्यांनी खुर्ची बेंचपाशी ओढली आणि एक कोरा कागद मागितला. मी वहीतला फाडून दिला.

"नीट विचार करा," मी म्हटलं. "उद्या हे तिथे सगळ्यांसमोर वाचलं जाईल. सुनेसमोर."

"सुनेला आज मीच सांगणार आहे. तुम्ही मध्ये पडू नका." ते थांबले. "ती नातीला माझ्याकडे पाठवेल की नाही, माहीत नाही. नाही पाठवली तरी तिचं बरोबर असेल. पण पान्याने आयुष्यभर माझी चूक अंगावर घेऊन हिंडायचं, हे होणार नाही. एक मुलगा मी घालवला. दुसरा नाही घालवणार."

त्यांनी डावा हात खिशातून काढला. बेंचवर ठेवला, उलटा-सुलटा करून पाहिला, परक्याचा असल्यासारखा. नखांच्या कडांना अजून काळं होतं. मग पेन उचललं.

लिहायला त्यांना फार वेळ लागला नाही. वर स्वतःचं नाव आणि पत्ता. मग, कार्बन सिरॅमिकच्या डिस्क बसवणाऱ्याने काम चोख केलं होतं, त्याला त्याचं गॅरेज परत द्यावं. मग तारीख, रविवार, दुपारची वेळ, पुढची दोन चाकं. शेवटची ओळ लिहिण्याआधी त्यांनी पेन एकदा खाली ठेवलं आणि पुन्हा उचललं.

कागद घडी करायला त्यांनी माझ्याकडे दिला तेव्हा मी ती ओळ वाचली. 'माझ्या मुलाच्या ब्रेकला शेवटचा हात मी लावला.'

शाई अजून ओली होती. सगळी अक्षरं डावीकडे झुकलेली होती.